शेवटी लढाई नसलेली कादंबरी

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या छापखान्यात महिन्याला किमान दोन राक्षस मरायचे. वाचनालयांची मागणी वाढली तर तीन. मी त्यांच्या मरणाचं शुद्धलेखन तपासत असे. ‘प्राण सोडला’ यातला ‘ण’ शाबूत आहे ना, तलवार तिसऱ्या पानावर मोडली असेल तर सतराव्या पानावर ती पुन्हा म्यानातून कशी निघाली, घोड्याचा रंग मध्येच बदलला का, हे बघायचं. मुद्रितशोधक म्हणून लागले आणि पुढे संपादक झाले, म्हणजे खुर्ची तीच राहिली, फक्त टेबलाला एक खण मिळाला.

आता लोकांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. त्या काळी गावोगावच्या खासगी वाचनालयांसाठी छोट्या आकाराच्या अद्भुत कादंबऱ्या निघत. राजपुत्र, शापित राज्य, दूरच्या डोंगरातला मणी नाहीतर अमृताची कुपी, वाटेत सात संकटं, शेवटी राक्षस आणि लढाई. पुस्तक शहाण्णव पानांचं, म्हणजे सहा फर्म्यांचं. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी आठ-आठ पानं छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. सहावा फर्मा भरलाच पाहिजे आणि सातवा सुरू होता कामा नये. गोष्ट कमी पडली की आम्ही लढाई वाढवायचो, जास्त झाली की आखडायचो. आमच्या धंद्यात लढाई ही नाडीसारखी होती, हवी तशी सैल करा, हवी तशी आवळा.

मालक अण्णा. मूळचे सीमेकडचे, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि कागदवाल्याशी भांडताना दोन्ही. माणूस सरळ, आवाज मोठा. कादंबऱ्या लिहायचे कुरुंदवाडचे गुरुजी, निवृत्त शिक्षक. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एसटीने यायचे, पिशवीतून वह्या काढायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, “राक्षस या वेळी पाण्यातला हवा की आकाशातला?” अक्षर मोत्यासारखं. पण त्यांच्या कादंबरीतल्या राजपुत्राला आई वारली तरी पुढच्या वाक्यात घोड्यावर बसायची घाई असे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं आणि घरोघरी केबल आली. पेठ वडगावचे मगदूम हे आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांचं वाचनालय होतं. दर महिन्याला स्वतः येऊन गठ्ठा न्यायचे. एकदा ते आले आणि गठ्ठा न बांधताच बसून राहिले.

“बाई, खरं सांगू का?” ते म्हणाले. “वाचणारी म्हणत्यात, तुमचा वीर मेला तरी काय वाटत न्हाय आन् जगला तरी काय वाटत न्हाय. मारामारी टीव्हीवर दिसती की. ती कशाला वाचायची?”

अण्णा आतून ओरडले, “मग काय वाचायचं म्हणत्यात?”

“ते त्यांनाबी म्हाईत न्हाय,” मगदूम म्हणाले आणि निम्माच गठ्ठा घेऊन गेले.

मला मात्र त्या दिवशी कळलं की इतकी वर्षं आपण तलवारी तपासल्या, माणसं तपासलीच नाहीत.

त्याच पावसाळ्यानंतर शालन सुतार आली. चाळिशीची, काटक, पायांत रबरी चपला, खांद्याला सरकारी पिशवी. शाहूवाडीच्या डोंगरात वाडीवाडीला जाऊन बाळंतपणं करणारी, लस टोचणारी नर्स. तिने पिशवीतून जाड वही काढली. मागच्या बाजूला सरकारी तक्ते छापलेले, त्यांच्या पाठकोऱ्या पानांवर कादंबरी.

“मी लिवलंय,” ती म्हणाली. “चालत जाताना डोक्यात येतंय, मग लिवतो.” आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी लिवतो’ म्हणतात, त्यात नवल नाही. नवल पुढे होतं.

मी वही घरी नेली. गोष्ट अशी होती : एका राज्यातल्या सगळ्या चुली एकाच दिवशी विझतात. गारगोटी घासा, काही करा, विस्तव पेटतच नाही. सहा खिंडी ओलांडून सातव्या खिंडीत एका राक्षसिणीजवळ जगातला शेवटचा विस्तव आहे. तो आणायला जिवाजी नावाचा तरणा शिपाई निघतो. त्याच्याबरोबर हट्टाने निघतो म्हादबा, राजवाड्यातला म्हातारा मशालजी. विस्तवच नाही म्हटल्यावर त्याला आता काम उरलेलं नाही. निखारा ठेवायचं मडकं तो स्वतःच्या डोक्यावर घेतो. चौथ्या खिंडीत तो मागे पडतो आणि जिवाजी त्याला खेकसतो, “तुझ्यापायी उशीर होतोय, म्हाताऱ्या. घरी मरायचं तर इथं कशाला आलास?” त्याच दिवशी दुपारी कडा कोसळतो. म्हादबा मडकं वर धरतो, जिवाजीच्या हातात देतो आणि खाली जातो. मडकं शाबूत राहतं.

सातव्या खिंडीत जिवाजी राक्षसिणीसमोर उभा राहतो. तलवार उपसायच्या ऐवजी ते मडकं खाली ठेवतो आणि त्याच्याशेजारी बसून रडतो. सकाळचं बोलणं परत घेता येत नाही म्हणून रडतो. राक्षसीण विचारते, कोण होता तो? जिवाजी सांगतो. तो सांगत राहतो, ती ऐकत राहते. मग ती आपल्या हाताने मडक्यात निखारे भरते. लढाई होतच नाही.

मी वही मिटली तेव्हा भाजी करपल्याचा वास घरभर झाला होता आणि माझ्या सासूबाई मला हाका मारून दमल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांसमोर वही ठेवली. त्यांनी शेवट आधी वाचला. ती त्यांची सवयच होती.

“लढाई कुठाय?”

“नाही.”

“आणि वीर रडतोय?”

“हो.”

“बाई, वाचनालयवाले मला हसतील. लढाई घाला. रडणं चार ओळींत उरका. गुरुजींना सांगतो, ते लिहून देतील.”

मी वाद घातला. अण्णा शेवटी एवढंच म्हणाले की बाकी पुस्तक जुळवायला घ्या, शेवटाचं बघू. ‘बघू’ म्हणजे त्यांच्या मनाप्रमाणे होणार, हे छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांनाही ठाऊक होतं.

आता संपादकाचं काम काय, हे थोडं सांगते. लोकांना वाटतं आम्ही चुका काढतो. त्या काढतोच. पण खरं काम म्हणजे लेखकाशेजारी बसून विचारणं. शालन पंधरा दिवसांनी एका रविवारी यायची. मी विचारायचे, “जिवाजी खेकसतो तेव्हा त्याला राग म्हाताऱ्याचा येतो की आणखी कशाचा?” ती विचार करायची आणि म्हणायची, “त्याला भ्या वाटतंय. भ्यालेला माणूस जवळच्यालाच बोलतोय की. परक्याला कोण बोलंल?” मग आम्ही तिथे एक ओळ घालायचो. जिवाजीची पाण्याची पखाल रिकामी झालेली आहे आणि ते त्याने म्हादबाला सांगितलेलं नाही. एवढ्या एका ओळीने सगळा राग कळत होता. राजपुत्राला ‘शूर, धैर्यवान, तेजस्वी’ म्हणत आम्ही शेकड्यांनी विशेषणं खर्ची घातली होती. तिने एका रिकाम्या पखालीत माणूस उभा केला.

एकदा मी विचारलं, “म्हादबा कोण हो? असा माणूस नुसता सुचत नाही.”

ती बराच वेळ चहाची बशी फिरवत राहिली. “आमच्या दवाखान्यात शिपाई होता. लशीचा डबा डोक्यावर घिऊन माझ्यासंगं चालायचा. एकदा चढाला मागं पडला. बर्फ वितळत होता, लस वाया जाणार म्हणून मी लई बोललो त्याला. नको तसलं बोललो. काय म्हणाला न्हाय. आठ दिसांत गेला. छातीचं दुखणं होतं म्हणं. नर्स मी आन् मला कळलं न्हाय.”

तिने चहा संपवला आणि ती म्हणाली, “म्हणून जिवाजीला रडू द्या. मला रडाय वेळच घावला न्हाय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाडीत लस होती.”

त्यानंतर तो शेवट माझ्या दृष्टीने दगडावर कोरल्यासारखा झाला.

इथे माझ्या हातून झालेली चूकही सांगायला हवी. पुस्तक साडेनऊ फर्म्यांचं होत होतं. अण्णा नऊ फर्म्यांना कसेबसे तयार झाले होते. आठ पानं जाणं भाग होतं. शेवटाला हात लावायचा नाही म्हणून मी राक्षसिणीचं प्रकरण काढलं. ती विस्तव का राखत बसली आहे, तिचं पोर थंडीत बाहेर गेलं आणि परतलं नाही, त्याने लांबून बघावं म्हणून ती आग विझू देत नाही, असं ते प्रकरण होतं. मला वाटलं, राक्षसिणीच्या मनात काय आहे ते कोण वाचणार? शालन म्हणाली, “तुमाला कळतंय त्यातलं.” त्या विश्वासाला मी लायक नव्हते. ती पानं रद्दीत गेली. पुढे कितीतरी वाचकांनी पत्रं लिहून विचारलं की राक्षसिणीने विस्तव इतक्या सहज कसा दिला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी शालनने ते प्रकरण पुन्हा लिहिलं, पण ती स्वतःच म्हणाली, पहिलं येगळं होतं.

फर्मे छापून होत आले. शेवटचा फर्मा राहिला आणि गुरुजी कुरुंदवाडहून लढाई घेऊन आले. बारा पानांची. त्यांनी मूळ वही वाचलेली नव्हती. अण्णांनी सांगितलं होतं, राक्षसीण, सातवी खिंड, तलवार, एवढं घ्या. त्यांनी वह्या अण्णांच्या टेबलावर ठेवल्या आणि नेहमीसारखे चहाला बसले.

दुपारच्या सुट्टीत मी बाइंडिंगच्या बायकांबरोबर डबा खायचे. घड्या घालणं, फर्मे लावणं, शिवणं, हे काम त्या करत. त्यांच्यातल्या थोरल्या हलिमाभाभी. बोटं अशी चालायची की कागदाचा नुसता आवाज ऐकू यायचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आयुष्यभर पुस्तकांच्या घड्या घातल्या, पण आत काय असतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनीच विचारलं, “बाई, ह्या पुस्तकाचं एवढं भांडण कशापायी चाललंय?”

मी म्हटलं, “ऐकता?”

शेवटच्या प्रकरणाचं तपासायला काढलेलं मुद्रित माझ्या पिशवीत होतं. आधीची गोष्ट मी थोडक्यात सांगितली आणि वाचायला लागले. कडा कोसळतो तिथपर्यंत भाकरी मोडल्याचे आवाज येत होते. जिवाजी मडक्याशेजारी बसला आणि ते थांबले. सुट्टी संपल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही. मीही थांबले नाही. राक्षसिणीने निखारे भरले, जिवाजी मडकं घेऊन वळला, आणि चौथ्या खिंडीत पोहोचल्यावर त्याने पावलं मुद्दाम हळू टाकली, म्हाताऱ्याला गाठता यावं इतकी हळू, असं शेवटचं वाक्य होतं. ते वाचून मी मुद्रित खाली ठेवलं.

हलिमाभाभींनी पदराने तोंड पुसलं. “माझ्या मोठ्या भावाला मी असंच बोललोय,” त्या म्हणाल्या. “मिरजेला असतो. जिता हाय अजून. ह्या जुम्म्याला जाऊन येतो.”

दारात अण्णा उभे होते. मशीनचा आवाज चालू असताना घड्यांचा आवाज बंद का झाला, म्हणून बघायला आले होते. त्यांच्यामागे गुरुजी, हातात कपबशी तशीच.

“अर्धा तास काम बंद!” अण्णा म्हणाले. पण नेहमीसारखं ओरडून नाही. “जोतिबाच्या यात्रेदिवशीसुद्धा माझ्या कामावरच्या बायका अशा बसून राहत न्हाईत.”

मी म्हटलं, “अण्णा, पगारातून कापा. पण आता सांगा, इथे लढाई कुठे घालायची?”

अण्णा काही बोलायच्या आत गुरुजी पुढे झाले. त्यांनी कपबशी खिडकीत ठेवली, केबिनमध्ये गेले आणि टेबलावरून आपल्या वह्या उचलून पिशवीत टाकल्या.

“गुरुजी, हे काय?”

“माझी लढाई मी परत नेतो,” गुरुजी म्हणाले. “अण्णा, मी इतकी वर्षं राक्षस मारले. एकदाही मला कुणी विचारलं नाही की तो कोण होता. ही गोष्ट लिहिणाऱ्या बाईंनी ते विचारलंय. त्यावर माझी बारा पानं चिकटवलीत तर मला पुन्हा वर्गात उभं राहायची लाज वाटेल.” त्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण ही आठवण करून द्यायची कोणाची छाती झाली नाही.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. “छापा,” ते म्हणाले. “पण सबनीसबाई, हे पडलं तर असली पुस्तकं बंद. आणि मग मला संपादकाची गरज न्हाई. आत्ताच सांगतोय.”

“मान्य,” मी म्हटलं. मुद्रित उचलून मी थेट मशीनकडे गेले.

पुस्तक निघालं : ‘सातव्या खिंडीतला विस्तव’. पहिले दोन महिने काहीच झालं नाही. मगदूम एकच प्रत घेऊन गेले, तीही माझ्या तोंडाकडे बघून. मी घरात सांगून ठेवलं होतं की कदाचित शिकवण्या घ्याव्या लागतील.

तिसऱ्या महिन्यात मगदूम एका मंगळवारी आले. ते मंगळवारी कधी येत नसत, दुकानातल्या कोणाशी बोलले नाहीत, थेट केबिनमध्ये गेले.

“अण्णा, प्रत चोरीला गेली.”

“मग मी काय करू? पोलिसात जावा.”

“तसं न्हाय. वाचाय न्हेली ती न्हेणाऱ्यानं परत दिली न्हाय. हरवली म्हणतोय, भरपाई देतो म्हणतोय. आन् त्याच्या बायकोच्या हातात ते पुस्तक मी डोळ्यानं बघितलं. माझ्याकडं चौदा माणसं नाव लावून बसल्यात. दहा प्रती द्या.”

अण्णा उठून उभे राहिले. केबिनच्या दारातून त्यांनी जी हाक मारली ती रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यानेही ऐकली. “सबनीसबाई! तुमचा रडका वीर पळाय लागलाय!”

मग तो पळतच राहिला. गडहिंग्लज, निपाणी, जयसिंगपूर, सांगलीकडची वाचनालयं. पुन्हा छापायचं म्हणून घड्या घालणाऱ्या दोन बायका वाढवाव्या लागल्या. मिरजेला जाऊन आलेल्या हलिमाभाभी नव्या बायकांना काम शिकवण्याआधी गोष्ट सांगायच्या. अण्णांनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

त्या दिवसांत भेटलेला एक वाचक विसरता येणार नाही. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक पैलवान आला. दार भरून गेलं. कान मुडपलेले, अंगावर आखाड्याची माती अजून तशीच. कागदाच्या रिमांवर बसला, त्या दबल्या. हातात आमचं पुस्तक, त्याच्या पंजात काडेपेटीएवढं दिसत होतं.

“लिवणारा कुठाय?”

“लिहिणारी आहे. शाहूवाडीला असते,” मी म्हटलं. “काय काम होतं, पावणं?”

त्याने पुस्तक पुढे धरलं. “त्यो म्हातारा मेलाच पायजे व्हता का?”

माझ्या सगळ्या नोकरीत मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नाही. मी म्हटलं, “तो मेला नसता तर जिवाजीला कळलं असतं का?”

“न्हाय कळत,” तो म्हणाला. “आमालाबी न्हाय कळत.” आणि मग, “माझ्या वस्तादांशी दोन वर्सं बोलणं न्हाय. कुस्ती हरलो, त्यांनी चारचौघांत बोललं, मी उलटून बोललो. काल पुस्तक वाचलं. आज पाटंचं गेलतो त्यांच्याकडं.”

“मग?”

“काय न्हाय. म्हणाले, आलास व्हय, लंगोट घाल.” एवढं सांगताना त्याचा चेहरा असा झाला की मी उगाचच खणातलं काहीतरी शोधायला लागले. तो उठला, दबलेल्या रिमा हाताने नीट केल्या आणि म्हणाला, “त्या बाईस्नी सांगा, म्हातारा मारला ते बरं केलं.”

मी हे शालनला शब्दशः सांगितलं. ती हसली आणि मग तोंड फिरवून पिशवीत काहीतरी बघू लागली.

शालनने पुढे आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या, नोकरी करतच. गुरुजींनीही एक लिहिली, वर्षभर घेऊन. तिच्यात राक्षस एकच होता आणि तो म्हातारपणी एकटा राहत होता. ती त्यांची सगळ्यात चांगली कादंबरी. ती विकली जात होती तेव्हा ते हयात होते, दर आठवड्याला एसटीने येऊन किती गेल्या ते विचारायचे, पहिल्यांदाच लेखक झाल्यासारखे. खिळे गेले, संगणक आले, अण्णांच्या मुलाने फर्म्याचं गणित पडद्यावर मांडायला सुरुवात केली. पण हस्तलिखित हातात आलं की तोही आता आधी विचारायचा, “बाई, ह्यात कोण कुणासाठी झुरतंय?”

शालनच्या निवृत्तीच्या वर्षी तिची चौथी कादंबरी निघाली. प्रकाशन कोल्हापुरात करायचं अण्णांच्या मनात होतं. ती म्हणाली, माझी माणसं डोंगरात हायत. मग आम्हीच टेम्पोत पुस्तकं घालून शाहूवाडीला गेलो. शाळेच्या पटांगणात मांडव. भातकापणी उरकलेली होती. वाड्यावाड्यांतून माणसं चालत आली होती, तिच्या हातावर जन्मलेली पोरं आता स्वतःची पोरं घेऊन आली होती. खाली कुरुंदवाडपासून वर पेठ वडगावपर्यंतचे वाचक आले होते. मगदूम पहिल्या रांगेत, नवा कोट घालून. अण्णा भाषणाला उभे राहिले आणि त्यांचा तो मोठा आवाज पहिल्यांदाच फुटला नाही. ते एवढंच म्हणाले, “मी लढाई मागितली होती. चुकलो होतो,” आणि खाली बसले. टाळ्या थांबेनात.

मग सह्यांसाठी रांग लागली. शालन टेबलाशी बसली, पेन उघडलं. तीस-बत्तीस वर्षं लोक तिच्यासमोर रांगेत उभे राहिले होते, पण असे कधी नाही. पहिला माणूस पुढे आला. मळकट सदऱ्यातला, उन्हाने रापलेला, पुस्तक दोन्ही हातांत धरलेलं. ती सवयीने वर बघत म्हणाली, “काय होतंय?”

मांडव हसला. ती लाजली. तो माणूस मात्र हसला नाही.

“छातीत भरून आल्यागत होतंय, बाई,” तो म्हणाला.

शालनने त्याच्याकडे नीट बघितलं. पुस्तक उघडून पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं.

“होऊ द्या,” ती म्हणाली. “त्याला औषध न्हाय. पुढं कोण हाय, या.”